सगळं खाली आहे

आमच्या टाउनशिपमध्ये बातम्या दोन ठिकाणी मिळायच्या. पुरुषांना गेटबाहेरच्या पानठेल्यावर आणि आम्हा बायकांना क्वार्टरांच्या मागच्या नळावर. पानठेल्यावर बढत्या, बदल्या, युनियन असल्या हवेतल्या गोष्टी चालायच्या. नळावरची बातमी मात्र पक्की असायची. लीलाच्या दोडक्याला माशी लागली. कोपऱ्यातल्या क्वार्टरचं कारल्याचं बी ताकात भिजवूनसुद्धा रुसून बसलं. रात्री कोणाची तरी बकरी शिरली आणि चवळीचा फडशा पाडून गेली. बकरी कोणाची ते सगळ्यांना ठाऊक असायचं, पण नाव घ्यायचं नाही, कारण तिच्याच मालकिणीकडून लेंडीखत मिळायचं.

क्वार्टरांच्या मागे मेंदीचं कुंपण, त्यापलीकडे जमिनीची एक लांब पट्टी आणि मग निगमची सरहद्दीची भिंत. आमचं निगम तसं लहानच, आनंद नगरजवळच्या बड्या कारखान्याला सुटे भाग पुरवणारं. आम्ही राहायला आलो तेव्हा त्या पट्टीत विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे आणि गाजरगवत होतं. ते आम्ही बायकांनी उपसलं. निगमने तिथे कधी पाण्याची एक बादली ओतलेली मी पाहिली नाही. चैत्र लागला की करवंट्यांत, फुटक्या कपांत बिया पडायच्या, म्हणजे मोसम लागायच्या आत रोप हाताशी. मग नळावर देवघेव. "माझी दोन दुधीची घ्या, मला एक पडवळाचं द्या." लीला दुधीला लौकी म्हणायची आणि पडवळाला काहीच म्हणायची नाही, कारण तिच्या मते ते खायची वस्तूच नव्हती.

माझ्या वाट्याची जागा होती हळदीची. ही हळद माझ्या सासूबाईंनी नागपूरहून आणलेली. छप्पन साली राज्यांची फेरमांडणी झाली, नागपुरातल्या कचेऱ्या उठून भोपाळला आल्या आणि फायलींच्या पेट्यांबरोबर माझे सासरेही आले. बाकीच्या बायकांनी तांब्या-पितळेची भांडी आणली. सासूबाईंनी पाटा-वरवंटा आणला आणि फडक्यात बांधून बियाण्याची हळद. आता हळदीचं बियाणं म्हणजे काही मेथीचं बी नाही की डबीत ठेवलं आणि वाटेल तेव्हा पेरलं. गड्डाच तो. एक वर्ष जमिनीत गेला नाही की सुकून खुळखुळा होतो, आणि संपलं. सासूबाईंनी एक वर्ष चुकवलं नाही, त्यांच्या मागे मीही नाही.

आणि त्या वर्षी तर चुकवून चालणारच नव्हतं. आमचे हे, म्हणजे भालचंद्र घाटे, मशीन शॉपचे फोरमन, येत्या माघात रिटायर होणार होते. मग क्वार्टर सोडायचं आणि नेहरू नगरला धाकट्या दिरांच्या शेजारी तिसऱ्या मजल्यावर जाऊन राहायचं. तिसऱ्या मजल्यावर माती कुठली? कुंडीत मी एकदा करून पाहिली होती, करंगळीएवढी झाली आणि रंग म्हणाल तर आजारी माणसासारखा. तेव्हा मी ठरवलं होतं की हे शेवटचं पीक भरपूर घ्यायचं आणि माघात काढून बियाणं घरोघर वाटायचं. म्हणजे मी गेले तरी हळद इथे राहील. माझं एवढंच मागणं होतं, आणि ते काही फार नव्हतं.

त्याच सुमारास नवे इस्टेट ऑफिसर आले. नाव खरे.

"खरे!" लीला नळावर नाचायचीच बाकी होती. "आपला माणूस आला नं बाप्पा! आता नळाचा पाइप बदलून घेऊ, भिंतीचं भगदाड बुजवून घेऊ, पट्टी पण आपल्या नावावर पक्की करून घेऊ."

झालं. आम्ही तिघी निघालो. मी, लीला आणि कुसुम. कुसुम म्हणजे साताऱ्याकडची नवी नवरी, भोपाळला येऊन तिला जेमतेम महिना झालेला. तिला मी आधी चार भेंडीची रोपं देऊन फितवली होती. चैत्र होता म्हणून आंब्याची डाळ केली, पन्ह्याची सुरई घेतली. खरेसाहेब उठून उभे राहिले, खुर्च्या दिल्या. मला बरं वाटलं. मी आपली शुद्ध, ठेवणीतली मराठी काढली. आपण मूळचे कुठले, कोकणातले की देशावरचे, मुलंबाळं किती, इथलं पाणी मानवलं का. ते मान डोलावत डाळ खात होते. वाटी संपवली, रुमालाने ओठ टिपले आणि म्हणाले, "बहनजी, आप गुजराती में बोल रही हैं क्या?"

गुजराती! माझ्या कानशिलांतून वाफ निघाली. लीला पदर तोंडाला लावून खाली बघायला लागली.

"हम तो सागर के खरे हैं, कायस्थ," ते हसून म्हणाले. "मराठी हमें बिल्कुल नहीं आती. पर दाल बढ़िया थी."

डाळ परत मागता येत नाही म्हणून, नाहीतर मागितली असती. मग हिंदीत बोलणं सुरू झालं आणि पट्टीचं नाव निघताच साहेबांचं हसू मावळलं. निगमचे अध्यक्ष महोदय जूनच्या सुरुवातीला पाहणीला येणार होते. "पूरी पट्टी खाली चाहिए," खरे म्हणाले. "ऊपर एक पत्ता नहीं दिखना चाहिए."

"और उसके बाद?" मी विचारलं.

"उसके बाद भी खाली. निगम की जमीन है, सब्जी मंडी नहीं. सब्जी चाहिए तो आनंद नगर का बाजार पास ही है."

मी सांगून पाहिलं. विटा आम्ही उपसल्या, म्हटलं. हळदीचं सांगितलं, सासूबाईंचं सांगितलं. ते घड्याळ बघत म्हणाले, "हल्दी तो दुकान में भी मिलती है, बहनजी." त्यांना कळलं नाही असं नाही. कळून घ्यायची गरज वाटली नाही, आणि मला राग आला तो त्याचा.

संध्याकाळी नळावर सुतक पडलं होतं. करवंट्यांतली रोपं चांगली चार पानांवर आली होती आणि आता ती कुठे लावायची ते कोणालाच सुचत नव्हतं. लीला म्हणाली, "जाऊ द्या नं इंदूताई. अफसर लोकांशी कोण पंगा घेणार? एक साल नाही लावलं तर काय होते?"

"तुझं काही होत नाही. लौकीचं बी तू पुढच्या वर्षी विकत आणशील. माझी हळद संपेल."

कुसुम मघापासून बादली उचलावी की नाही अशी घुटमळत उभी होती. ती हळूच म्हणाली, "पण काकू, ते नाही कुठे म्हणाले? खाली लावा म्हणाले ना?"

"काय म्हणाले?"

"सगळं खाली पाहिजे म्हणाले. वर एक पान दिसता कामा नये. मला वाटलं, जमिनीखालचं लावायला सांगतायत. कांदे, बटाटे असलं काहीतरी."

लीला जी हसत सुटली ती नळाच्या कट्ट्यावरच बसली. "अगं पोरी, खाली म्हणजे रिकामं! हिंदीत रिकाम्याला खाली म्हणतात." कुसुम कानापर्यंत लाल झाली. मी मात्र हसले नाही. म्हणजे आधी हसले, "वैशाखात कोणी बटाटे लावतं का गं" म्हणून तिला झापलंही, आणि मग हातातली बादली खाली ठेवली.

हळद जमिनीत घातली की महिनाभर तरी वर काही दिसत नाही. आल्याचंही तेच. सुरण तर असा आळशी की त्याला विसरून जावं तेव्हा उगवतो. जूनच्या सुरुवातीला साहेब येणार, फिरणार, जाणार. वर एक पान नको? नसणार.

"लीला," मी म्हटलं, "तुझ्या माहेराहून आलेले सुरणाचे डोळे अजून आहेत का गं?"

तिला कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर तिचे डोळे लकाकले, मग घाबरले, मग पुन्हा लकाकले.

घरी हे ऐकल्यावर यांनी जेवणाचं ताट बाजूला सारलं. "निवृत्तीला आलोय मी. क्वार्टरचा क्लियरन्स त्याच माणसाच्या हातात आहे. एवढ्यासाठी त्याच्याशी वाकडं घ्यायचं?"

"एवढ्यासाठी म्हणजे? तुमच्या आईची हळद आहे ती."

"आई असती तर तीच म्हणाली असती, जाऊ दे."

"तुमची आई?" मी एवढंच म्हटलं. आपली आई कशी होती ते यांना चांगलं ठाऊक होतं. यांनी ताट पुन्हा ओढून घेतलं आणि आमटीत मीठ कमी आहे म्हणाले. ते कमी नव्हतं.

पट्टी रिकामी करताना मात्र जीव तुटला. लीलाने लौकीचा वेल फुलासकट ओढून काढला. चवळी गेली, वांगी गेली. जमीन आम्ही सारवल्यासारखी साफ केली. आणि मग खणून, शेणखत घालून, खाली सगळं लावलं. माझी हळद भिंतीकडेने, मग आलं, मधे अरवी, म्हणजे आपली अळकुडी, लीलाचा सुरण कोपऱ्यात. वर माती सपाट. खरं तर वर पालापाचोळा पसरायचा असतो, ओल टिकते, पण तो मोह आवरला. कुसुम वाकून वाकून बघत होती, एखादा डोळा उघडा तर राहिला नाही ना. चूक तिची होती, पण त्या दिवसापासून कामाला पहिली तीच येऊ लागली.

आता पाणी. मे महिन्यातलं भोपाळचं ऊन, आणि आम्ही रिकाम्या जमिनीला पाणी घालतोय. गेटवरच्या शिपायाने तिसऱ्या दिवशी विचारलंच, "खाली जमीन में पानी काहे को डाल रहे हो?"

"धूल उड़ती है भैया," लीलाने ठणकावून सांगितलं. "साहब लोग आने वाले हैं. छिड़काव कर रहे हैं."

हे खऱ्यांच्या कानावर गेलं आणि ते स्वतः पट्टीवर आले. मी झारी घेऊन उभी. त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली, बरोबर हळदीवरून चालत माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "वाह. बिल्कुल खाली. आप लोगों ने तो कमाल कर दी."

"जी, सब खाली है," मी म्हटलं. मी एका अक्षराने खोटं बोलले नाही.

पाहणीच्या दिवशी त्यांनी आम्हाला रांगेत उभं केलं आणि अध्यक्षांना सांगितलं, "सर, यहां बीस साल से अतिक्रमण था. मैंने पूरी पट्टी खाली करा दी." अध्यक्षांनी मान हलवली, खऱ्यांच्या पाठीवर थाप दिली, सगळ्यांदेखत. कुसुमला हसू आवरेना, तिला मी मागे ढकललं.

पुढे आषाढ लागला. माती फुगली, आणि एका सकाळी भिंतीकडेने हिरव्या सुरळ्यांची ओळ उभी होती. मी चप्पल न घालता धावत गेले. या वयात मला रडू आलं, सांगायला लाज कसली. मग अरवीची पानं आली, आलं आलं, आणि सगळ्यांत शेवटी लीलाचा तो ठिपक्याठिपक्यांचा सुरण, दांडगा, छत्री उघडल्यासारखा. नळावर पुन्हा बातम्या सुरू झाल्या. आणि मग खरेसाहेब आले.

ते पट्टीच्या टोकाला उभे राहून बघत राहिले. चेहऱ्याचा रंग बदलत गेला.

"यह क्या है?"

"हल्दी है," मी म्हटलं. "उधर अदरक. वो अरवी."

"मैंने कहा था पट्टी खाली चाहिए!"

"तो खाली ही लगाया है, साहब. आपने कहा था, ऊपर एक पत्ता नहीं दिखना चाहिए. नहीं दिखा. मराठी में खाली का मतलब नीचे. आपका नाम मराठी है, हमने समझा आप मराठी में बोल रहे हैं."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. खऱ्यांचा आवाज चढला. "आप मेरा मजाक उड़ा रही हैं? कल मजदूर बुलाकर सब खुदवा दूंगा."

माझं डोकं शांत होतं, नवल म्हणजे, एरवी ते कधी शांत नसतं. "खुदवा दीजिए," मी म्हटलं. "पर मजदूर मांगेंगे किस काम के लिए? अध्यक्ष साहब को आपने खुद बताया है कि पट्टी खाली है. खाली जमीन में क्या खोदना है, पूछेंगे ना कोई?"

तेवढ्यात माझ्या डाव्या बाजूला लीला येऊन उभी राहिली, ती, जिला पंगा नको होता. मग कुसुम, मग बाकीच्या. लीलाच्या हातात खुरपं होतं, ती घाईत खाली ठेवायला विसरली असावी.

खरे माझ्याकडे बघून सावकाश म्हणाले, "घाटेजी रिटायर हो रहे हैं ना? क्वार्टर का क्लियरन्स मुझे ही देना है."

ही खरी भीती होती आणि त्यांना ती बरोबर सापडली होती. "दीजिए या मत दीजिए," मी म्हटलं. "हल्दी माघ में निकलेगी. उससे पहले नहीं."

रात्रभर वाटत राहिलं, यांना काय सांगायचं? सांगायची वेळच आली नाही. पानठेल्यावर यांना सगळं कळलेलं होतं. सकाळी मी चहा ठेवला आणि बघते तर हे घरात नाहीत. मागच्या दारातून पाहिलं. हे पट्टीत उभे, लुंगी वर खोचलेली, आणि इस्टेट ऑफिसच्या खिडकीसमोर, सगळ्यांना दिसेल असे, हळदीच्या ओळीतलं गवत उपटत होते. जन्मात यांनी गवत उपटलं नव्हतं. दोन हळदीही उपटल्या.

मजूर आले नाहीत. खऱ्यांनी नळाचं पाणी दुपारी बंद करवलं, तेव्हा आम्ही सकाळी भरून ठेवायला लागलो. भिंतीचं भगदाड बुजवलं नाही, तेव्हा बकरी येत राहिली. बाकी हळद आपली वाढत राहिली.

माघात पानं पिवळी होऊन लोळली. मी पानं कापली आणि खणायला घेतलं. पहिलाच गड्डा असा आला की लीला "बाप्पा!" म्हणून किंचाळली. मोडून बघितला, आत तोच रंग, सासूबाईंच्या फडक्याला लागलेला असायचा तो. त्या दिवशी नळावर मी बियाणं वाटलं. ओंजळ ओंजळ, प्रत्येकीच्या पदरात. "दर वर्षी घालायचं," मी सांगत होते. "विसरलात तर परत मागायला माझ्याकडे यायचं नाही, मी तिसऱ्या मजल्यावर आहे." ऐकता ऐकता सगळ्याच नाकं ओढायला लागल्या.

क्वार्टर सोडायच्या दिवशी खरेसाहेब ताबा घ्यायला स्वतः आले. बाहेर टेम्पोत सामान चढत होतं. त्यांनी खोल्या पाहिल्या, नळ पाहिले, खिडकीच्या कड्या हलवून पाहिल्या. हे एका बाजूला ताठ उभे होते, पण हातातल्या किल्ल्या वाजत होत्या. शेवटी खरे मागच्या दारात आले. समोर आमच्या वाट्याची जमीन, तपकिरी, सपाट, एक काडीही नाही.

"पीछे सब खाली है?" त्यांनी विचारलं.

"हां. खाली है."

ते वळले, आणि थांबले. माझ्याकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं. भिंतीकडेला एका जागी माती खणलेली नव्हती. तिथला शेवटचा गड्डा मी काढलाच नव्हता.

"आपका वाला खाली," ते म्हणाले, "या हमारा वाला?"

यांच्या किल्ल्या वाजायच्या थांबल्या. मी सरळ खऱ्यांच्या डोळ्यांत बघून, माझ्या ठेवणीतल्या मराठीत म्हणाले, "दोन्ही."

या वेळी त्यांनी गुजराती का म्हणून विचारलं नाही. मग यांच्यासमोर हात पसरला, किल्ल्या घेतल्या, आणि पट्टीतून ऑफिसकडे जायला निघाले. भिंतीकडेच्या त्या जागेपाशी आल्यावर ते तिला वळसा घालून गेले.

टेम्पोवाला घाई करत होता. कुसुम नळावर बादली लावून उभी होती, तिथूनच ओरडली, "काकू, त्याला पाणी कधीपासून घालू?"

"वैशाखात," मी ओरडले. "तोपर्यंत सगळं खाली असू दे!"